एका खोलीत आठ इयत्ता: आमिश शाळा कशी चालते

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाची काउंटी आहे. तिथल्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतरावर साध्या बैठ्या इमारती दिसतात. छपरावर घंटा, दोन्ही बाजूंना मोठमोठ्या खिडक्या, आवाराच्या कडेला मुलामुलींची वेगवेगळी शौचालये आणि मागे सॉफ्टबॉल खेळण्याचे मैदान. आत विजेची जोडणी नसते, संगणक नसतो, दूरदर्शन संच नसतो. पहिली ते आठवी मिळून पंचवीस-तीस मुले असतात आणि त्यांना शिकवणारी बहुधा एकच तरुण शिक्षिका असते. ती स्वतःही आठवीपर्यंतच शिकलेली असते.

ही आमिश समाजाची शाळा. अशा शाळांची संख्या आज अमेरिकेत दोन हजारांच्या पुढे गेली आहे. पहिल्या नजरेला ती काळाच्या मागे राहिलेली वाटते, पण तिच्यात अपघाताने मागे राहिलेले फारसे काही नाही. खोली किती मोठी असावी, पुस्तक कोणते असावे, शिकवणारी कोण असावी आणि शिक्षण कोणत्या वयाला थांबावे, हे या समाजाने विचारपूर्वक ठरवले आहे. त्यातल्या काही गोष्टींसाठी लोकांनी तुरुंगवासही पत्करला आहे. म्हणून ही शाळा एकेक भाग सुटा करून पाहण्यासारखी आहे.

आमिश कोण

सोळाव्या शतकात युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळात एक पंथ निघाला. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला न देता समजत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने घ्यावा, असे तो मानत होता. राज्यसत्ता आणि चर्च या दोन्हींनी या लोकांचा छळ केला. याच परंपरेतून 1693 मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सास भागात याकोब अम्मान या धर्मोपदेशकाच्या अनुयायांचा वेगळा गट झाला. तेच आमिश. अठराव्या शतकात ते पेन्सिल्व्हेनियात येऊ लागले. आज त्यांची लोकसंख्या चार लाखांच्या घरात आहे. त्यांच्या मोठ्या वस्त्या पेन्सिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या तीन राज्यांत आहेत.

घोडागाडी, साधे कपडे आणि विजेच्या सार्वजनिक जोडणीला नकार या त्यांच्या बाहेरून दिसणाऱ्या खुणा. त्यांच्या मुळाशी एक धारणा आहे: माणसाने नम्र असावे, समाजाच्या नियमांपुढे स्वतःची इच्छा मागे ठेवावी आणि शेजाऱ्याच्या हाकेला धावून जावे. त्यांना चर्चची इमारत नसते, प्रार्थना आळीपाळीने एकमेकांच्या घरी होते. साधारण पंचवीस ते चाळीस कुटुंबांचा एक धर्मगट असतो. घोडागाडीने सहज पोचता येईल इतकाच त्याचा पसारा असतो. शाळेचा आकारही याच मापाने ठरतो.

स्वतःची शाळा का काढावी लागली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आमिश मुले गावातल्या सरकारी शाळेतच जात. ती शाळाही एका खोलीचीच असे. शेजारच्या इतर शेतकऱ्यांची मुले तिथेच शिकत आणि शाळेच्या समितीवर आमिश वडीलही बसत. आजची आमिश शाळा त्या जुन्या ग्रामीण अमेरिकन शाळेवरूनच घडली आहे.

मग छोट्या शाळा बंद करून मुलांना बसने मोठ्या, एकत्रित शाळेत न्यायचे धोरण आले. त्याच सुमारास सक्तीच्या शिक्षणाचे वयही वाढत गेले. लँकेस्टर काउंटीतल्या ईस्ट लॅम्पीटर भागात 1937 मध्ये अशी मोठी शाळा बांधायचे ठरले, तेव्हा आमिश पालकांनी कडाडून विरोध केला. मुले घरापासून लांब जातील, शिक्षक अनोळखी असतील, शेकडो मुलांत आपली मुले हरवतील आणि हायस्कूलच्या वयात शेतीकामापासून व धर्मसंस्कारांपासून तुटतील, अशी त्यांची भीती होती. 1938 मध्ये लँकेस्टरमध्ये त्यांनी स्वतःच्या पहिल्या शाळा उघडल्या. त्याआधी 1925 मध्ये डेलावेअर राज्यात अशी एक शाळा निघाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हा ओघ वाढत गेला.

कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढण्याचा विचार राज्य सरकारने 2023 मध्ये मांडला, तेव्हा वाडीवस्तीवरच्या पालकांनीही अंतराचाच प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. फरक इतकाच की आमिश पालकांना आपली शाळा आपल्या पैशाने उभी करणे शक्य होते आणि त्यांनी ती केली.

सगळी आमिश मुले मात्र स्वतःच्या समाजाच्या शाळेत जात नाहीत. ओहायोतल्या होम्स काउंटीत आणि उत्तर इंडियानात बरीच मुले आजही सरकारी शाळेत शिकतात. तिथल्या काही ग्रामीण सरकारी शाळांत वर्ग मुख्यतः आमिश मुलांचेच असतात.

जागा, बांधकाम, खर्च

एखाद्या भागात मुले वाढली की पालक एकत्र येतात. कुणी शेतकरी शेताचा एक कोपरा देतो. बांधकामाला घरटी माणसे येतात. सुतार आणि गवंडी समाजातच असल्यामुळे मजुरीचा खर्च फारसा येत नाही. शाळा मुलांना पायी गाठता येईल अशा अंतरावर असते. लँकेस्टरमध्ये मुले पायाने ढकलायच्या स्कूटरवरूनही येतात.

कारभार तीन ते पाच वडिलांच्या समितीकडे असतो. शिक्षिका नेमणे, पगार ठरवणे, छप्पर दुरुस्त करणे आणि हिवाळ्यासाठी कोळसा किंवा लाकूड आणून ठेवणे ही त्यांची कामे. खर्च भागवण्याची पद्धत वस्तीगणिक बदलते. कुठे मुलांमागे शुल्क असते, तर कुठे मूल शाळेत असो वा नसो, धर्मगटातल्या सगळ्या घरांवर वाटणी बसते. समाज सरकारी अनुदान घेत नाही. सरकारी शाळांसाठीचा मालमत्ता कर मात्र इतरांसारखाच भरतो. म्हणजे न वापरलेल्या शाळेचा खर्चही ते उचलतात आणि स्वतःच्या शाळेचाही.

पालक शाळेत केव्हाही येऊन मागच्या बाकावर बसू शकतात, आणि ते येतातही. पाहुणे आले की मुले पुढे येऊन गाणी म्हणतात. मुलाचे काय चालले आहे हे कळायला पालकांना पालकसभेची वाट पाहावी लागत नाही.

नव्वद मिनिटांत आठ वर्ग

शाळा साधारण साडेआठला भरते आणि तीनच्या सुमारास सुटते. दिवसाची सुरुवात बायबलमधल्या उताऱ्याने होते. शिक्षिका तो वाचते, पण त्यावर प्रवचन देत नाही. धर्म समजावून सांगणे हे घराचे आणि धर्मोपदेशकांचे काम मानले जाते. मग सगळे उभे राहून येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणतात आणि दोन-तीन गाणी गातात. त्यानंतर पहिला तास, बहुधा गणिताचा.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत ज्यांनी शिकवले आहे, त्यांना पुढचा पेच ओळखीचा वाटेल. सकाळच्या सुटीपर्यंत हातात साधारण नव्वद मिनिटे असतात आणि समोर आठ इयत्ता. म्हणजे एका इयत्तेच्या वाट्याला दहा मिनिटांच्या आसपास वेळ येतो. तो वेळ पुरवायचा कसा, यावर सगळी शाळा उभी आहे.

शिक्षिका आधी फळ्यावर प्रत्येक वर्गाचे काम लिहून ठेवते. मग ती एका वर्गाला पुढे बोलावते. वर्ग म्हणजे कधी पाच मुले, कधी दोन, कधी एकटाच मुलगा. ही मुले फळ्यापाशी उभी राहतात किंवा समोरच्या बाकावर बसतात, काल दिलेले म्हणून किंवा सोडवून दाखवतात, नवा भाग समजून घेतात आणि जागेवर परततात. लगेच पुढचा वर्ग उठतो. तेवढ्या वेळात उरलेले सात वर्ग आपापले काम करत असतात.

हे जमते त्याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे शांतता. समोर एक वर्ग मोठ्याने वाचत असताना आपण आपल्या उदाहरणात लक्ष घालायचे, ही सवय पहिलीपासून लागते. दुसरे म्हणजे मोठ्या मुलांची मदत. आपले काम संपलेली सातवीतली मुलगी पहिलीतल्या मुलाला अक्षरे गिरवायला मदत करते, दुसऱ्यांच्या वह्या तपासते. तिसरे कारण सहज दिसत नाही: मुलांच्या कानावर पुढचे-मागचे सगळे धडे पडत राहतात. तिसरीतल्या मुलाने पाचवीचे अपूर्णांक पाचवीत जाण्याआधीच ऐकलेले असतात. पाचवीत मागे पडलेल्या मुलाला तिसरीचा धडा पुन्हा ऐकायला मिळतो आणि त्यात त्याला कुणी कमी लेखत नाही.

दुपारी जेवणाची मोठी सुटी असते. मुले डबे आणतात. हिवाळ्यात शेगडीवर डबे गरम होतात, बटाटे भाजले जातात. खेळात सॉफ्टबॉल सर्वांत आवडता. एवढ्याशा शाळेत संघ पुरा करायचा तर मुले-मुली, लहान-मोठे सगळ्यांनाच घ्यावे लागते, आणि शिक्षिकाही खेळायला उतरते. शाळेला शिपाई नसतो. झाडलोट, फळा पुसणे, सरपण आत आणणे ही कामे मुलांमध्ये वाटलेली असतात.

सुट्या कमी असल्याने ठरलेले दिवस भरून लँकेस्टरमधल्या शाळा मे महिन्याच्या सुरुवातीलाच संपतात. तेव्हा शेतात हात हवे असतात. नाताळचा कार्यक्रम आणि वर्षाखेरची सहल हे वर्षातले दोन मोठे दिवस. नाताळच्या कार्यक्रमाला घरची सगळी मंडळी येतात. बक्षिसे जिंकण्यापेक्षा प्रत्येक मुलाने काहीतरी म्हणून दाखवणे तिथे महत्त्वाचे असते.

तीन भाषा आणि जुनी पुस्तके

आमिश मूल घरी पेन्सिल्व्हेनिया जर्मन बोलते. ही बोली जर्मनीच्या ऱ्हाईन नदीकाठच्या प्रदेशातून आलेली आहे. पहिलीत आल्यावर अनेक मुलांची इंग्रजीशी पहिली खरी ओळख होते, कारण शाळेची भाषा इंग्रजी असते. शिक्षिका सुरुवातीला बोलीत समजावते आणि हळूहळू इंग्रजीवर येते. तिसरी भाषा म्हणजे बायबलची आणि भजनांची प्रमाण जर्मन. तिच्यासाठी आठवड्यात वेगळा वेळ राखलेला असतो आणि ती जुन्या वळणाच्या जर्मन लिपीतून वाचायला शिकवतात. घरासाठी बोली, धर्मासाठी जर्मन आणि बाहेरच्या जगाशी व्यवहारासाठी इंग्रजी अशी विभागणी आहे. आठवी संपेपर्यंत मुलाला तिन्हींत वावरता येते.

विषय थोडे असतात: वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, हस्ताक्षर, गणित, भूगोल, थोडा इतिहास आणि आरोग्य. विज्ञान हा स्वतंत्र विषय बहुधा नसतो. उत्क्रांतिवाद आणि लैंगिक शिक्षण नसतेच. गणित व्यवहाराचे असते: लाकडाचे माप, दुधाचा हिशोब, व्याज, क्षेत्रफळ. 1930च्या दशकातली स्ट्रेयर-अप्टन ही अंकगणिताची पुस्तके आमिश शाळांत अनेक दशके वापरात राहिली.

सरकारी शाळांनी जुनी क्रमिक पुस्तके टाकून दिली, तेव्हा आमिश समाजाने सुरुवातीला तीच घेतली आणि पुन्हा छापली. पेन्सिल्व्हेनियातल्या गॉर्डनव्हिल इथल्या छापखान्याने हे काम दीर्घकाळ केले. पुढे त्यांनी स्वतःची पुस्तकेही काढली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मर इथे 1960च्या दशकात पाथवे ही आमिश प्रकाशनसंस्था सुरू झाली. तिची वाचनमाला आज अनेक शाळांत शिकवली जाते. त्यातल्या गोष्टी शेतावरच्या मुलांच्या, प्रामाणिकपणाच्या, चूक कबूल करण्याच्या आणि आळशीपणाच्या परिणामांच्या असतात. जादू आणि पराक्रमी नायक यांना त्यात जागा नसते.

भिंतीवर मुलांची नावे, हजेरीचे तक्ते, रंगवलेली चित्रे आणि सुवचने असतात. आधी येशू, मग इतर, शेवटी आपण, हा क्रम सांगणारा फलक पुष्कळ शाळांत दिसतो. अभ्यासक्रमाचे सारही तेच.

आठवी शिकलेली शिक्षिका

शिक्षिका बहुधा विशीच्या आसपासची अविवाहित आमिश मुलगी असते. लग्न झाले की ती सहसा शाळा सोडते. पुरुष शिक्षकही असतात, पण थोडे. तिच्याकडे अध्यापनाची पदवी नसते आणि सरकारी परवानाही नसतो. समिती तिला निवडते ती तिचा स्वभाव, वाचनाची आवड आणि मुलांना सांभाळण्याची हातोटी पाहून.

प्रशिक्षण होते ते उमेदवारीतून. नवी शिक्षिका आधी अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करते. परिसरातल्या शिक्षिका ठरावीक काळाने एकत्र जमून अडचणी मांडतात. 1957 मध्ये सुरू झालेले ‘ब्लॅकबोर्ड बुलेटिन’ हे मासिक आमिश शिक्षकांसाठी निघते आणि त्यातून शिकवण्याच्या युक्त्या दूरच्या वस्त्यांपर्यंत पोचतात. शिवाय ती स्वतः आठ वर्षे अशाच खोलीत बसलेली असते. एका वेळी आठ वर्ग कसे चालवायचे हे तिने रोज पाहिलेले असते.

या शिक्षणाने मुले किती तयार होतात, याचा अभ्यास जॉन हॉस्टेट्लर आणि गर्ट्रूड हंटिंग्टन यांनी केला. हॉस्टेट्लर स्वतः आमिश घरात वाढले होते. या दोघांचे पुस्तक 1971 मध्ये निघाले. प्रमाणित चाचण्यांत आमिश मुले शुद्धलेखन आणि गणितात इतर ग्रामीण मुलांच्या तोडीस तोड किंवा सरस ठरली, शब्दसंग्रहात मात्र मागे पडली. घरी इंग्रजी नसलेल्या मुलांच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे.

आठवीनंतर काय

शिक्षण साधारण चौदाव्या वर्षी संपते आणि मूल शेतात, घरात, सुतारशाळेत किंवा एखाद्या कारागिराकडे कामाला लागते. पेन्सिल्व्हेनियात यावरून बराच संघर्ष झाला. दंड भरायला नकार देऊन अनेक वडिलांनी तुरुंगवास पत्करला. अखेर 1955 मध्ये तडजोड निघाली. आठवी झालेल्या मुलांनी कायद्याचे वय पूर्ण होईपर्यंत आठवड्यातून एकदा तीन तास जमायचे आणि घरी-शेतात केलेल्या कामाची रोजनिशी दाखवायची, म्हणजे ते शिक्षण धरले जाईल.

आयोवा राज्यात वाद पेटला तो शिक्षिकांच्या परवान्यावरून. 19 नोव्हेंबर 1965 रोजी अधिकारी मुलांना बसने सरकारी शाळेत न्यायला आले, तेव्हा मुले कुंपण ओलांडून मक्याच्या शेतात पळाली. त्या क्षणाचे छायाचित्र देशभर छापले गेले आणि जनमत आमिश समाजाकडे झुकले. 1967 मध्ये आयोवाने त्यांना कायद्याने सूट दिली.

शेवटचा निर्णय झाला विस्कॉन्सिनमधल्या खटल्यात. तिथे सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती. न्यू ग्लॅरस इथल्या तीन वडिलांनी 1968 मध्ये आठवीनंतर मुलांना हायस्कूलला पाठवले नाही म्हणून त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. आमिश लोक कोर्टाची पायरी चढणे टाळतात. त्यामुळे विल्यम लिंडहोम या लुथेरन धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने बाहेरच्या लोकांनी स्थापन केलेली समिती त्यांच्या मदतीला आली आणि विल्यम बेंटली बॉल या वकिलांनी खटला चालवला. 15 मे 1972 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आमिश पालकांच्या बाजूने निकाल दिला. आठवीनंतरची सक्ती त्यांच्या धर्मस्वातंत्र्यावर गदा आणते आणि त्यांची स्वतःची व्यवस्था मुलांना स्वावलंबी नागरिक म्हणून घडवते, असे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिले.

न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र एक प्रश्न नोंदवला: पालकांना काय हवे ते कळले, पण मुलांना काय हवे? खटल्यातल्या तीन मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. बाकी मुलांना कोणी विचारलेच नव्हते.

निकेल माइन्सची शाळा

2 ऑक्टोबर 2006 रोजी लँकेस्टर काउंटीतल्या निकेल माइन्स इथल्या अशाच एका खोलीच्या शाळेत एका बंदूकधारी माणसाने दहा मुलींना गोळ्या घातल्या आणि स्वतःला संपवले. पाच मुली दगावल्या. काही तासांतच आमिश शेजारी मारेकऱ्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोमुलांचे सांत्वन केले आणि पुढे त्याच्या दफनविधीलाही उभे राहिले. जग चकित झाले. पण ज्या प्रार्थनेने ही शाळा रोज भरते, तिच्यातच इतरांना क्षमा करण्याचे वचन आहे, आणि ते वचन त्या माणसांनी लहानपणापासून रोज उच्चारले होते. दहा दिवसांत ती इमारत पाडली गेली. बरोबर सहा महिन्यांनी, 2 एप्रिल 2007 रोजी, जवळच ‘न्यू होप’ या नावाने नवी शाळा भरली.

हिशोब

या शाळेची ताकद उघड आहे. मुले घराजवळ शिकतात, शिक्षिका प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना ओळखते, मोठी मुले लहानांना सांभाळतात आणि पालक शाळेचे खरे मालक असतात. आठवी झालेला मुलगा हिशोब ठेवतो, पत्र लिहितो आणि पुढे स्वतःचा व्यवसायही चालवतो. बहुसंख्य तरुण मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन समाजातच राहतात.

उणी बाजूही तितकीच खरी आहे. या शाळेतून डॉक्टर, परिचारिका किंवा वकील घडत नाही. ती गरज समाज बाहेरून भागवतो. आणि ज्याला समाज सोडायचा असतो, त्याला विशीत हायस्कूलच्या समकक्ष परीक्षेपासून सुरुवात करावी लागते. समाज सोडलेल्या काहींनी याविषयी कळकळीने लिहिले आहे. त्यांचे दुःख निकालपत्रातल्या कोणत्याही वाक्याने पुसले जात नाही.

माझ्या मते आमिश समाजाला आपली शाळा आपल्या रीतीने चालवण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि ती ज्यासाठी उभारली आहे ते काम ती उत्तम करते. पण डग्लस यांचा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहतो आहे. चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला पुढे शिकायचे असेल, तर त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे आणि त्यांच्यासाठी वाट उघडी असली पाहिजे. शाळा लहान असो की मोठी, आमिश असो की आपल्या गावातली, ती कशासाठी आहे हे आधी विचारावे आणि तिथे शिकणाऱ्या मुलालाही ते विचारावे.